बोकड्यावरचं एकशे पंधरावं घर

१. आपण राहत असलेले घर बोकड्या डोंगराच्या उतारावर असून ते धोकादायक क्षेत्रात येते.

येत नाही.

मागची एकवीस वर्षं येत होतं. दर मे महिन्यात पालिकेचा शिपाई काळुराम खळीचा डबा आणि कागदांचा गठ्ठा घेऊन पायऱ्या चढायचा आणि एकशे पंधरा नंबरच्या दारावर हाच कागद चिकटवायचा. खाली नाव. आधी परशुरामचं, तो गेल्यावर त्याच्या बायकोचं, मंजुळाचं. या वर्षी काळुरामने एकशे चौदाच्या दारावर कागद चिकटवला, ब्रश डब्यात बुडवला, मंजुळाच्या दारावरून पुढे गेला आणि एकशे सोळापाशी थांबला.

मंजुळा उंबऱ्यात उभी होती. तिने सकाळीच दार ओल्या फडक्याने पुसून ठेवलं होतं. खळ नीट धरावी म्हणून.

२. सदर घर तात्काळ रिकामे करावे.

कोणी करत नाही. बोकड्यावर नोटीस आली म्हणून कोणी घाबरत नाही. नोटीस आली नाही तर घाबरतात.

वीजबिल दुसऱ्याच्या नावावर असतं. रेशनकार्ड गावाकडचं असतं. पण नोटिशीवर तुमचं नाव, घराचा नंबर आणि वर्ष असतं. तुम्ही इथे राहता आणि इथेच मरणार आहात, हे सरकारने स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं असतं. त्याहून पक्का पुरावा नाही. म्हणून डोंगरावरची माणसं खळ वाळायच्या आत कागद हळूच सोडवतात, खाली कळव्याच्या बाजारात नेऊन लॅमिनेट करतात आणि देव्हाऱ्यामागे ठेवतात. सोयरीक आली की मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी विचारतात, नोटिसा किती? दहाच्या आत असतील तर मुलीचा बाप चहा अर्धा ठेवून उठतो.

मंजुळाकडे एकवीस होत्या. या वर्षीची बाविसावी सगळ्यांत महत्त्वाची होती, कारण या वर्षीच्या यादीत जे असतील त्यांनाच शीळफाट्याच्या पुढे बांधलेल्या इमारतींत खोल्या मिळणार होत्या. आधी ही नोटीस. मग हरकती. मग महिनाअखेरीस शेवटची यादी, आणि यादी बंद.

मंजुळाला दुसरी जागा नव्हती. मुलगा विनीत टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहायचा. तिथे ती अकरा दिवस राहून आली होती. तिची गादी बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी घातलेली होती. बाराव्या दिवशी सुनेने कपाटावरची तिची पिशवी काढून दाराजवळ ठेवली, आणि मंजुळा पिशवी उचलून स्टेशनवर आली. विनीतने नंतर फोन केला. आलीस तरी चालेल, म्हणाला. चालेल.

३. आपल्या घराची पाहणी हवाई छायाचित्राद्वारे करण्यात आली आहे.

तिने काळुरामला हाताला धरून परत आणलं. काळुराम डोंगराखालच्या आगरी गावातला. तो लहान असताना या डोंगरावर फक्त गवत होतं आणि त्याच्या आजाच्या म्हशी होत्या. वर आलेल्या प्रत्येक माणसाबद्दल त्याच्या मनात जुना राग होता. तो राग तो बावीस वर्षं ब्रशने दारांवर फासत होता. त्याने यादी काढली आणि बोट ठेवलं. एकशे चौदा, उत्तम, दोन खोल्या. त्याच्याखाली एकशे सोळा.

“मधी काय नाय, बाय,” तो म्हणाला. “वरून फोटो काढलाय. फोटोत एकच छप्पर हाय. निला.”

मंजुळाने मान वर केली. तिच्या पत्र्यावर आणि तिच्या पाठीमागे वरच्या टप्प्यावर असलेल्या उत्तमच्या पत्र्यावर मिळून एकच निळी ताडपत्री होती.

मागच्या जुलैत दोन्ही घरं गळत होती. उत्तम मोठी ताडपत्री घेऊन आला. बांबू मंजुळाने दिले, दोर तिने धरला. अर्धी कापून दोन केली असती तर मधल्या फटीतून पाणी आत गेलं असतं. म्हणून कापली नाही. तेव्हा बोलणं होतं. उत्तमची बायको मालन गवती चहाची पात वरून खाली टाकायची. उत्तम परशुरामला दादा म्हणायचा, तिला वहिनी. दोघांच्या घरांमधला दगडी बांध परशुराम आणि उत्तमने मिळून रचलेला होता, चुन्याशिवाय, नुसता दगडावर दगड. त्या बांधाच्या पोटाशी मंजुळाची मागची भिंत होती आणि त्याच्या डोक्यावर उत्तमच्या घराचे पुढचे दोन खांब.

मंजुळा वर गेली. उत्तम दारात बसून नवी नोटीस फडक्याने पुसत होता. ती म्हणाली, पाहणीवाले आले तेव्हा तुम्ही घरी होता. तो म्हणाला, होतो. ती म्हणाली, त्यांनी विचारलं असेल. तो म्हणाला, विचारलं.

“मग?”

“ताडपत्री माझी आहे, वहिनी. ताडपत्रीखाली जे आहे ते माझं, एवढंच बोललो.”

त्याच्या पाठीमागे मालन तांदूळ निवडत होती. तिने सूप उचललं आणि आतल्या खोलीत गेली. दोन खोल्यांना मोठी जागा मिळणार, अशी बोलवा होती. उत्तमचे दोन मुलगे लग्नाचे होते.

४. हरकत असल्यास लेखी कळवावी.

मंजुळाने लेखी कळवलं. त्याआधी तिने कोयत्याने ताडपत्री मधोमध कापली. उत्तम वरून बघत होता. कापून झाल्यावर त्याने आपली अर्धी वर ओढून घेतली, आणि ओढताना तिच्या पत्र्यावरचे वजनाचे दगड घरंगळत खाली गेले. एक तिच्या तुळशीवर पडला.

बोकड्याला हे नवीन नाही. तो दगड टाकतो. पाऊस लागत नाही त्याला, वारा लागत नाही. भर दुपारी, सगळं ठप्प असताना, वरून काहीतरी सुटतं आणि पत्र्यावर आदळतं, आणि आतली माणसं एकमेकांकडे न बघता जेवत राहतात. उन्हाळ्यात त्याचा कातळ एवढा तापतो की त्याला टेकून झोपलेली कुत्री ओरडत उठतात. खालून तो वेगळा दिसतो. ठाण्याच्या बाजूच्या टॉवरांत डोंगर दिसणाऱ्या फ्लॅटला जास्त मागणी आहे. तिथली माणसं संध्याकाळी बाल्कनीत येतात, चहा पितात आणि बोकड्याकडे बघतात. बोकड्याच्या अंगावरचे निळे ठिपके त्यांना आवडत नाहीत. त्यांनीही लेखी कळवलेलं आहे.

डोंगरावरून सगळं दिसतं. पुढे खाडी, खाडीपलीकडे ते टॉवर, मागे लांब डोंबिवलीच्या केमिकल कंपन्यांचा पिवळट धूर. डोंगरावरचं कोणी बघत नाही. पायऱ्या उतरताना पायाखाली बघावं लागतं.

हरकतीवर पाहणीला पालिकेच्या इंजिनीयर आल्या. हेमांगी मॅडम. तिशीच्या, डोक्यावर टोपी, हातात लेझरची टेप. त्यांनी ताडपत्रीचे कापलेले काठ बघितले, दोन दारं बघितली, दोन चुली बघितल्या. घरं वेगळी आहेत हे मान्य, म्हणाल्या. मंजुळाने उत्तमकडे बघितलं. उत्तम खाडीकडे बघत होता.

मग मॅडम आत आल्या. जमिनीवर टाच आपटली, मागच्या भिंतीला कान लावला, बाहेर जाऊन बांध बघितला. “हे घर अख्ख्या कातळावर आहे, मावशी. मागे एवढा मजबूत बांध. या ओळीतलं सगळ्यात सुरक्षित घर तुमचं. मागची नोटीस सरसकट दिली असणार. या वर्षी धोका असेल तरच नाव घ्यायचं आहे.”

“म्हणजे माझं नाव नाही?”

“नाही. आनंद माना की.”

“आनंद कुठे चिकटवू? दारावर?”

वरून उत्तम हसला. मोठ्याने नाही, पण ऐकू येईल असा.

५. डोंगर पोखरणे, माती वा दगड काढणे हा दंडनीय गुन्हा आहे.

पहिल्या दिवशी दोन.

पोळी-भाजी केंद्रात कामावर सहाला पोचायचं असायचं. मंजुळा पाचला उठली, घरामागच्या अरुंद बोळात शिरली आणि बांधाच्या डाव्या कोपऱ्यातून दोन दगड काढले. परशुरामने फटींत बसवलेल्या चिपा आधी काढाव्या लागल्या. त्याने त्या इतक्या नेमक्या बसवल्या होत्या की तिला त्याचा राग आला. दगड तिने शेजारच्या नाल्यात टाकले.

दुसऱ्या दिवशी दोन.

तिसऱ्या दिवशी तीन. दिवस उजाडला होता आणि वर उत्तम तांब्या घेऊन चूळ भरत होता. त्याने खाली बघितलं. ती दगड पोटाशी धरून उभी होती. त्याने चूळ तिच्या बाजूला टाकली आणि आत गेला.

तो तक्रार करू शकत नव्हता. तक्रार करायची तर खालचं घर दुसऱ्याचं आहे हे आपल्या तोंडाने सांगावं लागलं असतं, आणि दोन खोल्यांसाठी त्याने उलट अर्ज टाकला होता की मंजुळा ही आपली भाडेकरू आहे. भाडेकरूने मालकाच्या घराखालचे दगड काढले, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

त्याऐवजी त्याने मोरीचं पाणी वळवलं. कपड्यांचं, भांड्यांचं, आंघोळीचं, सगळं पाणी पन्हाळीतून थेट बांधाच्या उघड्या पडलेल्या कोपऱ्यात. तिच्या भिंतीला ओल यावी म्हणून. ओल आलीच. पण दगडांमागची माती मऊ झाली आणि मंजुळाचं काम सोपं झालं. चौथ्या दिवशी पाच निघाले. मालनला ते कळलं असावं. तिने पाणी बाहेरच्या बाजूला टाकायला सुरुवात केली, तर उत्तमने तिला सगळ्यांदेखत शिवी दिली आणि पन्हाळ पुन्हा फिरवली.

एकशे सोळातल्यांनी आपल्या कुंड्या हलवल्या. एकशे अकराच्या म्हातारीने मंजुळाला पायऱ्यांवर गाठून सांगितलं, अगं, तू आपल्याच घराची कबर खणतेस. मंजुळा म्हणाली, घर माझ्या नावावर नाही, कबर तरी होईल.

सातव्या दिवशी हात खांद्यापर्यंत आत गेला. आत गार होतं. बोटांना वरच्या बाजूला लाकूड लागलं. उत्तमच्या खांबाचं बूड.

तिने हात काढून घेतला. मग पुन्हा घातला आणि त्याच्या बाजूचा दगड काढला.

६. जीवित वा वित्तहानी झाल्यास सर्वस्वी आपण जबाबदार राहाल.

हेमांगी मॅडम दुसऱ्यांदा आल्या त्या धावतच. एकशे सोळातल्यांनी फोन केला होता. त्यांनी बोळात डोकं घातलं आणि मागे झाल्या. वर बघितलं. मग कोणाशी न बोलता पाच पायऱ्या उतरून, सुरक्षित अंतरावर उभं राहून लिहायला लागल्या.

कोणी केलं हे, त्यांनी विचारलं. मंजुळा म्हणाली, डोंगराने. उत्तमला विचारलं. उत्तमने आपल्या पन्हाळीकडे बघितलं आणि म्हणाला, डोंगराने.

त्या दिवशी या दोघांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

मॅडमनी लिहिलं ते असं. एकशे चौदा अतिधोकादायक, आजच्या आज रिकामं करून उतरवावं. एकशे पंधरा धोकादायक, कारण वरचं बांधकाम त्यावर कोसळण्याची शक्यता. राहणार, मंजुळा. स्वतंत्र घर. शेवटच्या यादीत घ्यावे.

दुपारी चार माणसं पहारी घेऊन आली. त्यांनी उत्तमचे पत्रे काढले, खांब काढले, दार काढलं आणि सगळं पाण्याच्या टाकीजवळच्या सपाटीवर नेऊन रचलं. काम दोन तासांत झालं. बोकड्यावर घर बांधायला वर्षं लागतात, कारण प्रत्येक वीट पाठीवरून वर न्यावी लागते. उतरवताना डोंगर मदत करतो. मालन गॅसची शेगडी कवटाळून उभी होती. मंजुळाने मुद्दाम दार उघडं ठेवलं होतं आणि दाराशी बसून लसूण सोलत होती. उत्तम तिच्यासमोरून तीनदा ये-जा करून गेला. तिने तिन्ही वेळा पाय आखडून त्याला वाट दिली.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिच्या डोक्यावर कोणाची पावलं नव्हती. ती लवकर झोपली. चांगली झोपली.

७. अंतिम यादीसाठी घर, रहिवासी व धोका एकाच छायाचित्रात येणे आवश्यक आहे.

काळुराम तिसऱ्या दिवशी आला. कागदावर तिचं नाव होतं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं. त्याने ब्रश डब्यात बुडवला, खिशातून मोबाइल काढला, पाच पायऱ्या उतरला, मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि खाली घेतला.

“धोका कुठं हाय?”

तिने मागे बघितलं. तिच्या पत्र्यामागे अर्धा ढासळलेला बांध होता. त्याच्यावर मोकळं आभाळ.

काळुरामने कागद वाचून दाखवला. वरचं बांधकाम कोसळण्याची शक्यता. वरचं बांधकाम नव्हतं. ती म्हणाली, बांध बघ की, किती पोखरलाय. तो म्हणाला, बांधावर आता काय नाय, बांध पडला तर दोन पाट्या माती पडंल, फावड्याने काढशील. असा फोटो गेला तर वरच्या साहेब लोकांनी प्रश्न विचारला असता आणि त्याची नोकरी दीड वर्षात संपणार होती.

ती बराच वेळ भांडली. त्याच्या म्हशी काढल्या, त्याचं गाव काढलं, बावीस वर्षं पाजलेलं ताक काढलं. तो ऐकत राहिला. मग त्याने कागदाची घडी केली आणि आतल्या खिशात ठेवली. उत्तमचंही नाव कटलंय, तो जाता जाता म्हणाला. घरच नाय, मग धोका कुणाला. त्याचा गुडघा दुखत होता. वरच्या ओळी उद्यावर ठेवल्या होत्या त्याने. उद्या अकरा वाजता तो परत या वाटेने येणार होता, आणि संध्याकाळी यादी बंद होणार होती.

मंजुळा टाकीजवळच्या सपाटीवर गेली. उत्तमचं कुटुंब निळ्या अर्ध्या ताडपत्रीखाली बसलं होतं. मुलगे कामावर गेले होते. उत्तम खिळे सरळ करत होता, दगडावर ठेवून, हातोडीने, एकेक. त्याने वर बघितलं नाही. मालनने बघितलं आणि तोंड फिरवलं.

मंजुळाने काळुराम काय म्हणाला ते सांगितलं. सगळं सांगितलं, त्याचं नाव कटल्याचंही. उत्तमचा हातोडा थांबला. म्हणजे त्याला माहीत नव्हतं.

“घर परत उभं करा,” ती म्हणाली.

“कुठे?”

“होतं तिथेच.”

“तुमच्या डोक्यावर?” मालन म्हणाली.

“माझ्या डोक्यावर.”

उत्तमने हातातला खिळा डोळ्यांसमोर धरून बघितला. अजून वाकडा होता. तो म्हणाला, चार पत्रे आणि दोन खांब, एवढं उद्या सकाळपर्यंत होईल. फोटोपुरतं. मंजुळा म्हणाली, फोटोपुरतं नको. काळुराम फसायचा नाही. चूल पेटलेली दिसली पाहिजे, दोरीवर कपडे दिसले पाहिजेत. आणि खोल्या मिळेपर्यंत पुन्हा कोणी बघायला आलं तर?

“तर आम्ही तिथे राहायचं.”

“हो.”

“तुम्ही खणलेल्या बांधावर.”

“हो.”

तो उठला. तिच्या अगदी जवळ आला. त्याच्या अंगाला गंजाचा वास येत होता. “मग ऐका, वहिनी. बांधातला एक दगड परत लावायचा नाही. आम्ही पडलो तर तुमच्यावर पडणार. लांब नाही, शेजारी नाही. तुमच्यावर.”

“कागदावर तसंच लिहिलंय,” मंजुळा म्हणाली.

मालन मध्येच हसली. हसू आवरेना तशी तिने पदर तोंडात घातला, आणि मग ते हसणं राहिलं नाही.

दुपारी त्यांनी पत्रे वाहिले. उत्तम पुढे, मंजुळा मागे. अरुंद पायऱ्यांवर पत्रा वारा धरत होता आणि दोघांना एकदमच पाऊल टाकावं लागत होतं.  फक्त वळणावर तो म्हणायचा, डावीकडे. एकदा त्याने डावीकडे म्हटलंच नाही, आणि पत्र्याची धार तिच्या मनगटावरून गेली. तिने पदराने हात बांधला. पुढच्या फेरीत तिने आपलं टोक जरा लवकर सोडलं. पत्रा त्याच्या नडगीवर बसला. मग दोघांनी उरलेले पत्रे नीट वाहिले.

खांब उभे राहिले तसे बांधाच्या पोटातून आवाज आला. दगडावर दगड घासल्याचा, बारीक. तिघंही थांबली. आवाज थांबला. उत्तमने दुसरा खांब ठोकला.

८. सदर सूचना मिळाल्याची सही करावी.

सकाळी साडेदहाला वर सगळं होतं. चार पत्रे, दार, दोरीवर उत्तमची बनियन, चूल. मंजुळाने खाली उतरून काळुरामच्या जागेवर उभं राहून बघितलं. घर दिसत होतं. घरावरचं घर दिसत होतं. उन्हात दोन्ही अगदी शांत, नीटनेटकी, एकावर एक रचल्यासारखी दिसत होती. काळुराम बघेल आणि म्हणेल, किती छान बसलंय.

ती घरात आली. मागच्या भिंतीवर काल संध्याकाळी एक बारीक तडा आला होता, वरून वीतभर. तिने त्यावरून बोट फिरवलं. एवढा बारीक फोटोत दिसला नसता.

खालून काळुरामचा खोकला ऐकू आला. अजून चाळीसेक पायऱ्या.

डोक्यावर मालनने उखळ मांडलं. मिरच्या कुटायला लागली, हळू, जपून; आवाजावरून उखळाखाली पोतं दुमडून घातलेलं असावं. प्रत्येक घावाला पत्र्याच्या फटीतून थोडी माती मंजुळाच्या आमटीत पडत होती. मंजुळाने भांड्यावर ताट ठेवलं, चुलीपासून बाजूला झाली, आणि भिंतीवरच्या तड्याखाली जाऊन पाठ टेकून बसली.

“मालन,” तिने वर हाक मारली. “पोतं काढ. जोरात कुट.”